केंट (१८२०-१८२५): कंदील पडला, पण दोष कोणाचा?

खारावारा
नमस्कार मंडळी. जुन्या शिडाच्या जहाजांचा मला नाद आहे, घरच्यांच्या मते आजार आहे. सध्या 'केंट' नावाच्या जहाजाने पछाडलंय. त्यातला एक प्रश्न सुटत नाहीये म्हणून इथे टाकतोय.

केंट हे ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावरचं व्यापारी जहाज. १८२० मध्ये थेम्सकाठी ब्लॅकवॉलला बांधलं, साडेतेराशे टनांच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या मानाने धूडच. कप्तान हेन्री कॉब. पहिल्या दोन फेऱ्या मुंबई आणि तिथून पुढे चीन. तिसरी फेरी बंगाल आणि चीनची. १९ फेब्रुवारी १८२५ ला इंग्लंडचा किनारा सोडला आणि दहाव्या दिवशी खेळ खलास.

जहाजावर ३१ व्या रेजिमेंटचे २० अधिकारी, ३४४ सैनिक, ४३ बायका, ६६ पोरं, वर २० प्रवासी आणि १४८ माणसांचा जहाजाचा स्टाफ. बेरीज ६४१. बिस्केच्या उपसागरात वादळ लागलं. १ मार्चला सकाळी एक अधिकारी दोन खलाशांना घेऊन खाली होल्डमध्ये (माल भरायच्या तळाच्या जागेत) गेला, माल हललाय का बघायला. कंदील मिणमिणत होता म्हणून वर पाठवून वात नीट करून आणली. मग दिसलं की दारूचं (प्यायच्या, तोफेच्या नव्हे) एक पिंप सुटलंय. खलाशांना पाचर मारायला लाकडाचे ठोकळे आणायला पिटाळलं आणि स्वतः पिंपाला धरून थांबला. तेवढ्यात जहाज जोरात कलंडलं, हातातला कंदील पडला, तो उचलायच्या घाईत त्याने पिंप सोडलं, पिंप फुटलं, दारू थेट ज्योतीवर.

तर प्रश्न असा की या माणसाला दोष द्यायचा का? मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा कपाळाला हात लावला, की अरे मूर्खा, कंदील घेऊन दारूच्या पिंपांत कशाला गेलास. पण आता तेवढी खात्री वाटत नाही.

चहाबाज
मी पहिला! वाचतो आता.

लिंबूसरबत
वाचलं. अंगावर काटा आला. पण खारावारा, कंदील नाही तर काय घेऊन जाणार होता बिचारा, मोबाईलचा टॉर्च?

इतिहासकट्टेकर
एक शंका. केंट म्हणजे तेच ना जे फ्रेंच समुद्री चाचा सुर्कूफने पकडलं होतं? मग ते पुन्हा कंपनीकडे कसं आलं?

खारावारा
@इतिहासकट्टेकर, नाही हो, हा घोळ फार जण करतात. ते केंट वेगळं. रोबेर सुर्कूफने आपल्या 'कॉन्फियान्स'वरून बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर १८०० मध्ये पकडलं ते जुनं, हे त्यानंतर वीस वर्षांनी बांधलेलं. कंपनीच्या जहाजांना तीच तीच नावं पुन्हा द्यायची फार खोड. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात तसं समजा.

इतिहासकट्टेकर
ओके, मग माझी अर्धी पोस्ट बाद. पण एक दुरुस्ती माझ्याकडून पण, 'कंपनीचं जहाज' म्हणताना जपून. ही मोठी जहाजं बहुतेक कंपनीच्या मालकीची नसायचीच, लंडनच्या मालकांकडून फेरीच्या हिशेबाने भाड्याने घेतलेली. आणि मालकांच्या वतीने जो माणूस हिशेब, डागडुजी, माणसं भरणं हे सगळं बघायचा त्याला इंग्रजीत चक्क 'जहाजाचा नवरा' म्हणायचे. थट्टा नाही, कागदोपत्री शब्द आहे.

लिंबूसरबत
हहपुवा!! जहाजाचा नवरा घरी लंडनमध्ये आरामखुर्चीत आणि बायको चीनला. हे आमच्या बिल्डिंगमधल्या मर्चंट नेव्हीवाल्यांच्या अगदी उलट झालं.

शहाणी_सून
आणि दुरुस्तीचा खर्च नवऱ्याच्या नावावर. काहीच बदललं नाही.

चहाबाज
वाचून आलो. माझ्या आयडीला जागून विचारतो, चहा कुठाय यात? चीनला जायचं म्हणजे चहाच ना?

इतिहासकट्टेकर
चहाच. सगळा खेळ चहाचा. भारताशी व्यापाराची मक्तेदारी कंपनीच्या हातून १८१३ मध्ये गेली, चीनची मात्र १८३४ पर्यंत टिकली. त्यामुळे कंपनीला खरा पैसा चीनमधल्या कँटन बंदराच्या चहात. केंटसारखं जहाज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत इंग्लंडहून निघणार, आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून (सुएझ कालवा १८६९ चा, तेव्हा विषयच नाही) नैऋत्येचा वारा पकडून मुंबईला येणार, इथे कापूस भरणार, पावसाळा सरता सरता चीनकडे. तिथे कँटनजवळ वामपोआला नांगर टाकायचा, कापूस उतरवायचा, चहाच्या पेट्या भरायच्या आणि पुढच्या वर्षी घरी. एका फेरीला सव्वा-दीड वर्ष सहज.

आता मुंबईची गंमत बघा. केंट पहिल्यांदा आलं तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम तीन वर्षं झाली होती, गव्हर्नर होता एल्फिन्स्टन. बंदरात धक्क्याला लागायची सोय नाही, ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. मोठी जहाजं खोल पाण्यात नांगरून उभी, आणि माल मचव्यांतून जायचा. कापसाच्या गाठींचे ढीग कुठे, तर बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आज जिथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे तिथे. पाऊस लागला की लोक वैतागायचे.

पुणेरी_पाटी
म्हणजे आपला कापूस चीनला, चीनचा चहा इंग्लंडला, आणि आपल्याला काय? तर तिसऱ्या फेरीला ३४४ सोजीर.

चहाबाज
पाटीकाका फॉर्मात आज.

सारंग_दाभोळकर
उशिरा आलो, ड्युटीवर होतो. मी चीफ ऑफिसर आहे, गेली सतरा वर्षं समुद्रावर, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. मोठी पोस्ट आहे, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, कंदील. तो साधा उघडा दिवा नव्हता. त्या प्रसंगातून वाचलेल्या मेजर डंकन मॅकग्रेगरने जे लिहून ठेवलंय त्यात 'पेटंट कंदील' म्हटलंय, म्हणजे त्या काळातला सुरक्षित समजला जाणारा. आणि वात नीट करायची होती तर त्याने ती पिंपांमध्ये उभं राहून केली नाही, वरच्या डेकवर पाठवून करून आणली. म्हणजे माणूस निष्काळजी नव्हता, नियमाने वागत होता.

दुसरी गोष्ट जी खारावारा लिहायला विसरला (किंवा मुद्दाम ठेवली माझ्यासाठी). जहाजात खाली तोफगोळ्यांचं काही शे टन ओझं होतं. आता घरात बसून वाटेल की जड वजन तळाला म्हणजे जहाज स्थिर. तसं नसतं. वजन फार खाली गेलं की जहाज 'स्टिफ' होतं, कलंडलं की झटक्यात उलट उसळतं, पुन्हा पलीकडे, पुन्हा झटका. झोपाळा आणि हातोडा यात जो फरक तो. केंट इतकं लोळत होतं की प्रत्येक झोल्याला डोलकाठीच्या दोरखंडांचे बाहेरचे आधार पाण्याखाली जात होते, खालचं सामान, फर्निचर सगळं सुटून इकडून तिकडे. अशा जहाजात पिंप सुटणार नाही तर काय. लंडनमध्ये ज्यांनी तो माल तसा रचला ते घरी जेवत होते त्या वेळी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तिसरी गोष्ट अनुभवाची. मी थर्ड मेट (जहाजावरचा तिसरा अधिकारी) असताना खराब हवेत स्टोअरमध्ये रंगाचा ड्रम सुटला होता. मी एका हाताने ड्रम अडवून, दुसऱ्या हातात बॅटरी. जहाज कललं, बॅटरी सुटली, आणि मी काय केलं? बॅटरी पकडायला गेलो. ड्रम सरळ पायावर. नडगीवर अजून खूण आहे. पडणारी वस्तू पकडायला हात आपोआप जातो, डोकं नंतर पोचतं. माझ्या हातात बॅटरी होती म्हणून मी लंगडलो, त्याच्या हातात आग होती एवढंच.

शहाणी_सून
सारंगदादा, मस्त पोस्ट. नडगीबद्दल सहानुभूती.

पुणेरी_पाटी
असहमत. पेटंट कंदील असो नाहीतर सोन्याचा असो, दोन हातांत दोन कामं घ्यायची नाहीत हे आमच्या शाळेतला शिपाईसुद्धा सांगायचा. दोन खलाशी होते ना बरोबर? एकाला ठोकळे आणायला पाठवायचं, एकाच्या हातात कंदील. दोघांना का पाठवलं? अधिकारी होता तो, विचार करणं हेच त्याचं काम.

सारंग_दाभोळकर
@पुणेरी_पाटी, हा मुद्दा मात्र बिनतोड आहे काका. आमच्याकडे आज कोणी असं केलं तर चौकशीत पहिला प्रश्न हाच येईल. तरी जहाज हलवणारं वजन माझ्या लेखी मोठं.

निळूफुले_नव्हे
अरे पण पुढे काय झालं ते सांगा की! ६४१ माणसं जळली का बुडाली? धागाकर्ते आग लावून पळाले.

खारावारा
सॉरी सॉरी, आग लावून जेवायला गेलो होतो.

आधी निळा धूर, तेव्हा वाटलं आटोक्यात येईल, दारूच जळतेय, बाजूला पाण्याची पिंपं आहेत. मग एकदम काळाकुट्ट, डांबराच्या वासाचा. म्हणजे आग नांगराच्या डांबरी दोरखंडांपर्यंत पोचली. खाली दारूगोळ्याचं कोठार. कप्तान कॉबने मग जो हुकूम दिला तो ऐकून मी थक्क झालो, खालच्या डेकच्या खिडक्या-झडपा उघडा आणि समुद्र आत घ्या. वादळात! पाणी धो धो आत आलं, आग लगेच विझली नाही पण मंदावली. खाली आजारी सैनिक होते, एक बाई आणि काही मुलं होती, ती वर येऊ शकली नाहीत, तिथेच गेली. मग जहाजच बुडायला लागलं तशी झडपा परत बंद. आगीतून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा आगीत.

सारंग_दाभोळकर
आणि ते पाणी डेकवर मोकळं फिरत असणार. अर्धवट भरलेली परात डोक्यावर घेऊन चालून बघा म्हणजे कळेल जहाजाचं काय होत असेल. पण कोठार उडण्यापेक्षा ते बरं. त्याने विकत घेतले ते तास. त्या तासांतच सगळं आहे.

खारावारा
बरोबर. एका माणसाला डोलकाठीवर चढवलं, काही दिसतंय का बघ म्हणून. आशा कोणालाच नव्हती. त्याने वरून टोपी हलवली, शीड दिसतंय!

ते होतं 'कॅम्ब्रिया'. जेमतेम २०० टनांचं दोन डोलकाठ्यांचं चिमुकलं जहाज, कॉर्नवॉलचे खाणकामगार घेऊन मेक्सिकोला व्हेराक्रूझला चाललेलं. कप्तान कुक (तो प्रसिद्ध कुक नव्हे, आधीच सांगतो, नाहीतर इतिहासकट्टेकर येतील). कॅम्ब्रिया लांबच उभं राहिलं, कारण केंट कधीही उडणार. केंटवरच्या होड्या ये-जा करायला लागल्या, पहिल्या होडीत बायका आणि मुलं. अधिकारी तलवारी उपसून उभे, कोणी घुसू नये म्हणून. होडी जहाजाला चिकटून उभी राहू शकत नव्हती, फुटली असती, म्हणून पुढच्या खेपांना मागच्या बाजूला पाण्यावर बाहेर आलेल्या शिडाच्या आडव्या काठीवर सरपटत जायचं आणि टोकावरून दोरीने खाली लोंबकळायचं. खाली होडी लाटेबरोबर वर-खाली. कोणी होडीत, कोणी पाण्यात, कोणी होडीच्या काठावर आपटून. कॅम्ब्रियाच्या बाजूला ते खाणकामगार कठड्याबाहेर उभे राहून एकेकाला दंडाला धरून वर ओढत होते.

शहाणी_सून
बायका-मुलं आधी हे टायटॅनिकपासून ना?

इतिहासकट्टेकर
अजिबात नाही. बहुतेक पुस्तकं १८५२ च्या 'बर्कनहेड'पासून धरतात, दक्षिण आफ्रिकेजवळ बुडालेलं सैन्याचं जहाज. आणि केंट त्याच्याही २७ वर्षं आधीचं.

अवांतर: त्या ४३ बायका म्हणजे सगळ्या सैनिकांच्या बायका नव्हेत. पलटण परदेशी निघाली की ठरावीक संख्येलाच न्यायची परवानगी, आणि कोणाला न्यायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकायचे. ३४४ ला ४३ म्हणजे बरोबर आठास एक. बाकीच्यांनी धक्क्यावर रडत निरोप घ्यायचा, पुन्हा भेट होईल याची काही खात्री नाही.

शहाणी_सून
म्हणजे चिठ्ठी निघाली म्हणून जिला नशीबवान म्हटलं असेल ती दहा दिवसांनी त्या होडीत. आणि कितीजणींची मुलं हातातून गेली असतील. यावर जोक नाही करवत.

निळूफुले_नव्हे
किती वाचले शेवटी?

खारावारा
साडेपाचशेहून जास्त. गेले ऐंशीच्या वर, त्यात सैनिक आणि मुलं सर्वात जास्त. रात्री दीडच्या सुमाराला कोठार उडालं.

आता गंमत ऐका. अंधार पडल्यावर काही जण त्या काठीवर जायलाच तयार होईनात. समजावलं, दटावलं, भीतीने पाय हलेनात. शेवटी कॉब आणि बाकीचे नाइलाजाने निघाले. लोकांनी समजलं हे संपले. पण स्फोटानंतर तरंगत्या अवशेषांना धरून त्यातले काही जिवंत राहिले, आणि ईजिप्तहून लिव्हरपूलला चाललेल्या 'कॅरोलाइन' नावाच्या जहाजाने दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातले १४ जण उचलले.

पुणेरी_पाटी
म्हणजे ज्यांनी हुकूम पाळला नाही ते पण वाचले. हे मुलांना सांगू नका कोणी.

सारंग_दाभोळकर
काका, त्या १४ बरोबर जे थांबले आणि वाचले नाहीत ते सांगायला आले नाहीत. हिशेब करताना ते पण धरा.

चहाबाज
२०० टनांच्या जहाजात साडेपाचशे माणसं कशी मावली पण? आमच्या विरार फास्टमध्ये...

लिंबूसरबत
मला माहीतच होतं कोणीतरी विरार फास्ट आणणार.

खारावारा
आणलीच आहे तर ऐका. आठ-दहा जणांच्या केबिनमध्ये ऐंशीच्या आसपास. खालच्या डेकवर श्वासांची एवढी वाफ कोंडली की वरच्यांना शंका आली, इथेही आग लागली की काय! आणि हवा इतकी खराब की मेणबत्ती आत नेली तर विझत होती. अन्नपाणी त्या पन्नासेक माणसांपुरतंच. नशीब एवढंच की वारा सुसाट आणि योग्य दिशेचा, ३ मार्चला फालमथ गाठलं. ते उतरल्यानंतर वारा फिरला आणि उलट दिशेने कित्येक दिवस वाहत राहिला. दोन दिवस आधी फिरला असता तर हा धागाच नसता.

मामाचा_गाव
वाचनमात्र होतो, एक विचारायचं होतं. मॅकग्रेगर हे नाव 'रॉब रॉय' नावाच्या छोट्या होडीतून युरोपातल्या नद्या फिरणाऱ्या माणसाचं पण आहे. नातं काही?

खारावारा
आहे! मुलगाच त्यांचा, जॉन. केंटवर होता, जेमतेम पाच आठवड्यांचा. कॅम्ब्रियावर सगळ्यात आधी वर उचलून घेतलं ते हेच बाळ. १८६५ मध्ये कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, बनवून घेतली आणि नद्या पालथ्या घालायला लागला. पाण्याची भीती वगैरे काही नाही.

आणि बाटलीचं राहिलंच. मेजरने वडिलांसाठी चार ओळी लिहिल्या होत्या, केंटला आग लागलीय, मी, एलिझाबेथ आणि जोआना देवाच्या हवाली, अशा अर्थाच्या. बाटलीत घातल्या. ती बाटली १८२६ मध्ये बार्बाडोसच्या किनाऱ्याला लागली. तोवर लिहिणारा सहकुटुंब सुखरूप.

निळूफुले_नव्हे
फ्रान्सजवळून बार्बाडोस? काहीही.

सारंग_दाभोळकर
काहीही नाही. प्रवाह आधी पोर्तुगालच्या किनाऱ्याने दक्षिणेला नेतो, मग कॅनरी बेटांच्या खालून व्यापारी वारे आणि प्रवाह पश्चिमेला ओढतात. कोलंबस पण ढोबळमानाने त्याच वाटेने गेला. बाटलीने फक्त कप्तानाशिवाय केलं.

इतिहासकट्टेकर
थोडं मुंबईकडे. त्याच सुमाराला मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागाची जहाजं बांधत होती. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हातचं 'त्रिंकोमाली' १८१७ चं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. केंट सागाचं असतं तर?

सारंग_दाभोळकर
साग असता तर जरा निवांत जळला असता. ओक काय, साग काय, आत डांबर, दोर, दारू आणि बारूद. लाकडाचा प्रश्न नव्हता.

पुणेरी_पाटी
मूळ प्रश्नावर या आता. मी माझं मत अर्धं बदलतो. वजनाचा दोष सात आणे, दारू आणि बारूद एकाच जहाजाच्या पोटात भरणाऱ्यांचा पाच आणे, कंदीलवाल्याचा चार आणे. चार आणे मी सोडणार नाही.

लिंबूसरबत
आणि जहाजाच्या नवऱ्याचा?

पुणेरी_पाटी
तो सात आण्यांत आला.

शहाणी_सून
खारावारा, त्या कंदीलवाल्या अधिकाऱ्याचं नाव काय हो?

खारावारा
मॅकग्रेगरने नुसतं 'एक अधिकारी' म्हटलंय. बाकी कित्येकांची नावं आहेत त्यात, कॉब आहे, पलटणीचे कर्नल फिअरन आहेत, होडीवरचा चौथा मेट थॉमसन आहे. याचं नाही. विसरला असेल असं मला वाटत नाही. पाटीकाका, तुमचे चार आणे त्याने तेव्हाच माफ केले असावेत.

पुणेरी_पाटी
तो मेजर होता. मी पुण्याचा आहे.